नारळ, कातळ आणि भूवैज्ञानिक

नगर जिल्ह्यात बोअर घ्यायचा म्हटला की आधी पाणाड्याला बोलावणे जाते. तळहातावरचा नारळ उभा राहिला की तिथे गाडी लागते. पाणी लागले तर पाणाड्याचे नाव, नाही लागले तर नशीब! कर्ज मात्र शेतकऱ्याच्याच डोक्यावर.

इथल्या जमिनीखाली काळा कातळ आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. भेग हुकली तर पाचशे फुटांवरही धूळच. अशा जागा शोधणे, विहिरींची पातळी मोजणे, किती उपसा झेपेल ते सांगणे, हे भूवैज्ञानिकाचे काम. आपल्या घरांत डॉक्टर-इंजिनिअरची चर्चा होते, याचे नाव क्वचितच निघते. सूरह मुल्कची शेवटची आयत मात्र खोल गेलेल्या पाण्याविषयीच आहे.

आणि हे ज्ञान नगरला नवे नाही. निजामशाहीत कापूरवाडीसारख्या गावांकडून खापरी नळांनी शहरात पाणी येत होते.

आजचा धडा हिवरे बाजारचा. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावाने डोंगरावर चर खणले, झाडे लावली. पण आम्हाला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. गावात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी पाहतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवतात. पिण्याचे पाणी आधी. शेतीसाठी बोअर बंद, उसालाही मनाई. (याच गावाने आपल्या एकुलत्या एका मुस्लिम कुटुंबासाठी मशीद बांधली, हेही सांगितलेच पाहिजे.)

ज्या मुलामुलींना यात रस आहे त्यांनी बारावी विज्ञाननंतर भूविज्ञानात बी.एस्सी. आणि एम.एस्सी. करावे. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात व विद्यापीठात हा विषय आहे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतील पदे एमपीएससीमार्फत, तर केंद्रीय भूजल मंडळातील शास्त्रज्ञांची पदे यूपीएससीच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून भरली जातात. जागा दरवर्षी भरपूर निघतील असे नाही. पाणलोटाची कामे करणाऱ्या संस्थांकडेही पाहावे. काम उन्हातले आहे, पण मुलींना जमणार नाही हे आम्हाला पटत नाही. मैलोन् मैल हंडे वाहणाऱ्या बायकांना मे महिन्यातली विहीर कोणी नव्याने समजावून सांगायला नको.