दोन ठेकेदार, एक बोगदा

मुंबईची भुयारी मेट्रो ३ कफ परेडपासून आरेपर्यंत ३३.५ किलोमीटर धावते. तिच्या २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली आहेत. बांधकामाची सात पॅकेजेस निघाली आणि त्यातलं एकही कुणा एका कंपनीला मिळालं नाही. एल अँड टीच्या जोडीला शांघायची एसटीईसी, एचसीसीबरोबर मॉस्को मेट्रोस्ट्रॉय, सोमाबरोबर तुर्कस्तानची डोगस, जे. कुमारबरोबर चीनची सीआरटीजी. एका पॅकेजात तर तैवानची सीईसी, आयटीडी सिमेंटेशन आणि टाटा प्रोजेक्ट्स असे तिघे. (खुद्द मालक असलेली एमएमआरसी हीदेखील केंद्र आणि राज्याची निम्मी-निम्मी भागीदारीच.)

ही लग्नं टेंडर जमवतं. अशी कामं पूर्वी केल्याचा दाखला एकाकडे असतो. इथली माणसं, यंत्रं, परवानग्यांची माहिती आणि बँकेतली पत दुसऱ्याकडे. दोघांचं मिळून पात्रतेचं गणित बसतं. पण मालकाशी होणाऱ्या करारात एक जड कलम असतं: प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार. म्हणजे साठ-चाळीसच्या जोडीतला चाळीसवाला बुडाला, तर साठवाल्याने शंभर टक्के काम पुरं करायचं. म्हणून जोडीदाराचा अनुभव पाहण्याआधी त्याचा ताळेबंद पाहावा.

खरी मेख आपसातल्या करारात असते. काम वाटून घ्यायचं की सगळं एकाच हिशेबात करायचं? वाटणी सोपी वाटते: परदेशी भागीदाराने बोगदा खणायचा, देशी भागीदाराने स्थानकं बांधायची. आता पुढे काय होतं पाहा. बोगदा खणणारं यंत्र, म्हणजे टीबीएम, खणत खणत स्थानकापाशी येतं, पण तिथला खड्डा अजून तळापर्यंत गेलेला नाही. यंत्र थांबतं. ऑपरेटरचे पगार, क्रेनचं भाडं, पंपांची वीज मात्र चालूच राहते. बोगदेवाला स्थानकवाल्याला पत्र लिहितो, स्थानकवाला मालकाने जागा उशिरा दिल्याचं उत्तर धाडतो. मालक फक्त मुदतीची तारीख बघतो. हिशेब एकच असता, तर तोटा दोघांचा झाला असता आणि पत्रांऐवजी जादा क्रेन खड्ड्यापाशी गेली असती. एकाचं काम दुसऱ्याच्या कामावर अडून असेल, तर माझं मत एकत्र हिशेबाच्या बाजूने आहे.

वाटणी चालते ती इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यासारख्या ठिकाणी. तो बांधणाऱ्या ट्रान्समांश लिंकमध्ये पाच ब्रिटिश आणि पाच फ्रेंच कंपन्या होत्या. ब्रिटिशांनी आपल्या किनाऱ्याकडून खणलं, फ्रेंचांनी आपल्या. १ डिसेंबर १९९० रोजी सेवा-बोगद्याची दोन टोकं समुद्राखाली भेटली. खोदाईपुरता दोघांचा सांधा अशा भेटीच्या जागीच काय तो होता.

एकत्र हिशेबातही एक चोरवाट आहे: यंत्रांचं भाडं. प्रत्येक भागीदाराला आपली जुनी क्रेन जेव्हीला, म्हणजे संयुक्त उपक्रमाला, चढ्या दराने भाड्याने द्यायची असते. नफा वाटून घ्यावा लागतो, भाडं सगळं आपलंच! पाठवलेल्या अधिकाऱ्यांच्या पगाराचंही तेच. म्हणून यंत्र चालू असतानाचा दर, उभं असतानाचा दर आणि पगाराच्या मर्यादा टेंडर भरण्याआधीच कागदावर याव्यात.

पैसा संयुक्त खात्यातच यावा, आणि गरज पडल्यावर आपला हिस्सा वेळेत न भरणाऱ्याचं काय करायचं, तेही ठरलेलं असावं.

शेवटी प्रोजेक्ट मॅनेजर. मुंबईच्या बेसाल्टमध्ये टीबीएमचे कटर झिजतात. ते आज बदलायचे की बोगद्याच्या अस्तराच्या आणखी चार रिंग बसवून झाल्यावर, हा निर्णय बोगद्यातच व्हायला हवा. त्याला दोन हेड ऑफिसांत फोन करावे लागले, की दोन घरचा पाहुणा उपाशी. ठरावीक रकमेपर्यंत त्याची एकट्याची सही चालली पाहिजे. त्यापुढचे वाद दोन्ही कंपन्यांच्या वरिष्ठांच्या समितीने ठरलेल्या दिवसांत मिटवावेत.

गाडी सुरू झाली म्हणून जेव्ही संपत नाही. दोषदायित्वाची मुदत, अडकलेली बँक हमी, लवादातले दावे हे सगळं उरकेपर्यंत भागीदार एकमेकांना बांधलेले असतात. तेव्हा साइटवरची माणसं पांगलेली असतात, म्हणून रोजच्या नोंदी दोघांच्या सह्यांनिशी पहिल्या दिवसापासून ठेवा.