गुणांकन आणि गुणग्रहण : शिक्षकांची पदोन्नती व मराठी संशोधन

विद्वानाची पत कशी मोजावी आणि त्या पतीच्या आधारे त्यास वरचे स्थान कसे द्यावे, हा प्रश्न विद्याव्यवहाराइतकाच जुना आहे. जेथे समूह लहान असतो आणि सर्वजण एकमेकांचे काम जाणतात, तेथे पत तोंडी असते. ती मोजण्याची गरज भासत नाही. समूह वाढला, परस्परपरिचय विरळ झाला आणि पदाला वेतनाची जोड मिळाली, की मग पतीचा पुरावा मागितला जातो. असा पुरावा अंकांत मांडणे हा त्यातल्या त्यात सोयीचा मार्ग होय. भारतातील विद्यापीठीय व महाविद्यालयीन शिक्षकांच्या बाबतीत हा मार्ग २०१० साली स्वीकारला गेला. प्रस्तुत लेखात या गुणपद्धतीची रचना, तिच्या मागील हेतू आणि मराठी भाषा-साहित्याच्या संशोधनावर होणारा तिचा परिणाम यांचा विचार करावयाचा आहे.

१. पद्धतीची रचना

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ३० जून २०१० च्या विनियमांनी शिक्षकाच्या कामाचे तीन गट केले. पहिल्या गटात अध्यापन व मूल्यमापन, दुसऱ्यात अभ्यासपूरक उपक्रम, विस्तारकार्य व व्यावसायिक विकास आणि तिसऱ्यात संशोधन व प्रकाशन. पहिल्या गटासाठी वर्षाला कमाल १२५ व दुसऱ्यासाठी ५० गुण ठेवण्यात आले. तिसऱ्या गटात प्रत्येक कृतीची स्वतंत्र किंमत ठरली : संदर्भित नियतकालिकातील शोधनिबंधास १५, राष्ट्रीय स्तरावरील प्रकाशकाने काढलेल्या एकट्या लेखकाच्या ग्रंथास २५, स्थानिक प्रकाशकाच्या ग्रंथास १५, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथास ५०. राष्ट्रीय परिषदेत निबंध वाचल्यास साडेसात आणि मार्गदर्शनाखालील विद्यार्थ्यास पीएच.डी. मिळाल्यास १० गुण मिळत. सरळ निवडीने सहयोगी प्राध्यापक होण्यास ३०० व प्राध्यापक होण्यास ४०० गुणांची अट होती.

१८ जुलै २०१८ च्या विनियमांनी हा आराखडा बराच सुटसुटीत केला. अध्यापनाचे गुण जाऊन तेथे श्रेणी आली : नेमून दिलेल्या तासिकांपैकी ८० टक्के व त्याहून अधिक घेतल्यास ‘उत्तम’, ७० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ‘समाधानकारक’. संशोधनाचे गुण मात्र राहिले. महाविद्यालयातील सहयोगी प्राध्यापकास प्राध्यापकपदासाठी दहा प्रकाशने आणि ११० संशोधन-गुण आवश्यक ठरले. महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१९ च्या निर्णयाने सुधारित वेतनश्रेणींसह ही चौकट स्वीकारली.

या कोष्टकातील काही आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. भाषा व मानव्यविद्यांतील एका शोधनिबंधास १० गुण. राष्ट्रीय प्रकाशकाच्या संपूर्ण ग्रंथासही १०. ग्रंथाच्या संपादनास ८ आणि ग्रंथाच्या अनुवादास ८. एका पूर्ण अभ्यासक्रमासाठी ई-साहित्य तयार केल्यास १२. चार श्रेयांकांचा मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रम सिद्ध केल्यास २०. म्हणजे दहा पानांचा निबंध आणि चारशे पानांचा प्रबंधग्रंथ यांचे मोल सारखे झाले आहे. ज्याने ग्रंथ लिहिला त्याने त्याच सामग्रीचे सहा निबंध केले असते तर त्यास सहापट गुण मिळाले असते. नियम पाळणाऱ्या सरळमार्गी शिक्षकालाही हे गणित दिसतेच.

२. मराठीच्या दृष्टीने

मराठी संशोधनाची थोर परंपरा ज्या कामांवर उभी आहे, त्यांना या कोष्टकात कोठे बसवावे, हा प्रश्न पुढे येतो. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ १९६३ साली पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. आजच्या कोष्टकाने त्याची किंमत १० किंवा ८ गुण ठरेल. १९९९ साली तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश प्रसिद्ध झाला. संयुक्त लेखनाच्या नियमानुसार दोघांच्या वाट्यास प्रत्येकी ७० टक्के येतील. पोथ्यांचे पाठभेद नोंदवून केलेले संहिता-संपादन आणि एखाद्या परिसंवादातील निबंध जसेच्या तसे एकत्र बांधून केलेले संपादन, ही दोन्ही कामे ‘संपादन’ या एकाच सदरात मोडतात. कोष्टकास नाव दिसते, काम दिसत नाही.

शोधनिबंधाच्या गुणांत नियतकालिकाच्या प्रभावांकानुसार वाढ होते. हा प्रभावांक ज्या सूचींवरून काढला जातो, त्यांत मराठी नियतकालिकांना जवळजवळ स्थान नाही. ‘आंतरराष्ट्रीय प्रकाशक’ या सदराचेही तसेच. ज्या भाषेचा वाचक मुख्यत्वे एका राज्यात आहे, तिच्यातील अभ्यासकाने आंतरराष्ट्रीय प्रकाशक शोधावा म्हणजे व्यवहारात त्याने दुसऱ्या भाषेत लिहावे, असाच त्याचा अर्थ होतो.

येथे एक कल्पित, परंतु अशक्य नसलेले उदाहरण घेऊ. नवी मुंबईच्या उभारणीसाठी सिडकोची स्थापना १९७० साली झाली. ज्या आगरी-कोळी गावांच्या भोवती हे शहर वाढले, त्यांपैकी करावे हे एक. आगरी समाजाच्या लग्नविधीत धवलारीण धवले गाते. हे ज्ञान मुखोद्गत, वडीलधाऱ्या स्त्रियांकडून पुढे आलेले. समजा, जवळच्या महाविद्यालयातील मराठीच्या अध्यापिकेने करावे गावातील धवले संकलित करण्याचे ठरवले. त्यासाठी लग्नसराईत हजर राहावे लागेल. गाणारीचा विश्वास संपादन करावा लागेल. एकाच धवल्याचे दोन-तीन पाठ मिळवावे लागतील. ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ उच्चारणाऱ्या बोलीचे लेखन कसे करावे, याचा निर्णय घ्यावा लागेल. यात चार-पाच वर्षे सहज जातील. तेवढ्या अवधीत तिच्या नावावर एकही गुण जमा होणार नाही. शेवटी संग्रह प्रसिद्ध झाला तर ८ किंवा १०. त्याच काळात तिच्या सहकाऱ्याने उपलब्ध समीक्षेवरून वर्षाला दोन निबंध लिहिले तर ८० ते १०० गुण होतात. अध्यापिकेने काम सोडले तर धवल्यांचे काय, हा प्रश्न कोणत्याही कोष्टकात विचारला जात नाही. आणि गाणाऱ्या स्त्रिया पदोन्नतीच्या वेळापत्रकासाठी थांबणार नाहीत.

३. मापनाचा परिणाम

अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडले होते : एखाद्या निर्देशकाचा नियंत्रणासाठी वापर सुरू झाला, की त्याची विश्वसनीयता ढासळू लागते. गुणपद्धतीने याचा प्रत्यय दिला. निबंधांना किंमत आली तशी पैसे घेऊन निबंध छापणारी नियतकालिके निघाली. त्यांना आवर घालण्यासाठी आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची सूची प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीने त्या सूचीत आलेल्या १,००९ नियतकालिकांची तपासणी करणारा, पुण्यातील अभ्यासकांचा निबंध २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकषांवर उतरली नाहीत. मे २०१८ मध्ये ४,३०५ नावे सूचीतून वगळली गेली. २०१९ पासून ‘केअर’ सूची अमलात आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. प्रत्येक टप्प्यावर निबंध वाचण्याची जबाबदारी टाळून तो कोठे छापला गेला हे पाहण्याचा यत्न झाला, आणि प्रत्येक टप्प्यावर तो अपुरा पडला.

४. पूर्वपक्ष

येथवरच्या विवेचनावरून गुणपद्धती रद्द करावी आणि तज्ज्ञांनी काम वाचून निर्णय द्यावा, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु मराठी वाङ्मयाचा इतिहास त्यास सहजासहजी अनुमोदन देत नाही.

पेशवाईत पुण्यास श्रावणमासी दक्षिणा वाटली जाई. शास्त्रीपंडितांची परीक्षा होऊन विद्वत्तेनुसार रक्कम ठरे. मात्र परीक्षेस बसण्याचा अधिकार केवळ ब्राह्मणांस होता. कंपनी सरकारने ही प्रथा घटवत नेली आणि १८५१ साली त्या निधीतून मराठी ग्रंथांस उत्तेजन देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. व्यक्तीची श्रेणी लावण्याऐवजी कृती वाचून तिचा गौरव करावा, हे तत्त्व येथे प्रथमच आले. १८५५ साली जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे पाठवले. ते नाकारले गेले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुले यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे. ते नाटक छापून प्रसिद्ध होण्यास १९७९ साल उजाडले.

कमिटीने कृती वाचली नव्हती असे म्हणता येत नाही. वाचणाऱ्यांचे हितसंबंध वाचनाच्या आड आले आणि नकाराची कारणे लेखकास देण्याचे बंधन कोणावर नव्हते. ज्या शिक्षकाच्या घरात शिक्षणाची परंपरा नाही, ज्याचा निवडसमितीत परिचित नाही, त्याला अंकांचा आधार का वाटतो, हे यावरून समजते. ‘माझे इतके गुण आहेत’ असे तो म्हणू शकतो आणि त्याचे उत्तर द्यावे लागते. गुणपद्धतीचे हे बळ तिच्या टीकाकारांनी नाकारू नये. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात गुणांऐवजी ‘उल्लेखनीय योगदाना’ची नऊ क्षेत्रे सुचवली गेली, त्यांत भारतीय भाषांतील कार्यासही स्थान होते. हेतू स्वागतार्ह आहे. पण योगदान उल्लेखनीय आहे की नाही हे ठरवणारी समिती पुन्हा केंद्रस्थानी येते, आणि तिच्याबरोबर १८५५ चा प्रश्नही येतो.

५. समारोप

अंकांमुळे पक्षपातास आळा बसतो, पण गुणवत्ता ओळखता येत नाही. वाचनाने गुणवत्ता ओळखता येते, पण पक्षपातास वाव राहतो. म्हणून दोहोंची कामे वेगळी करणे इष्ट होय. गुणांचा उपयोग केवळ पात्रतेची किमान रेषा म्हणून व्हावा. त्या रेषेपलीकडे अधिक गुणांस अधिक किंमत नसावी. पुढील निर्णयासाठी उमेदवाराने आपली दोन कामे निवडावीत. विद्यापीठाबाहेरील दोन अभ्यासकांनी ती वाचून लेखी, कारणांसहित अभिप्राय द्यावेत आणि ते उमेदवारास पाहावयास मिळावेत. संहिता-संपादन, कोशरचना आणि मौखिक वाङ्मयाचे संकलन यांसाठी स्वतंत्र सदरे असावीत व अपुऱ्या कामाच्या टप्प्यांचीही नोंद व्हावी.

यातील लेखी कारणांची अट सर्वांत महत्त्वाची आहे. ‘तृतीय रत्न’ का नाकारले, हे कमिटीस लिहून द्यावे लागले असते तर निर्णय बदललाच असता असे नाही. परंतु ती कारणे मागे उरली असती आणि त्यांची चिकित्सा करता आली असती. मराठीच्या अभ्यासकाने पदोन्नतीच्या व्यवस्थेकडे मागावयाचे ते एवढेच : आमचे काम मोजण्यापूर्वी वाचा, आणि वाचून काय वाटले ते सही करून लिहा.