परीक्षेला न येणारं पान

मुंबईत वाकोल्यातली आमची इमारत अखेर रिडेव्हलपमेंटला गेली. खोली रिकामी करताना माळ्यावरून एक वही खाली आली. वर साल १९८५, आत आकड्यांची रांग : २, १.४१६७, १.११०५, १.०१०६, १.०००१.

"मामा, रद्दीत?" भाच्याने विचारलं.

ही न्यूटनची रीत. १चं घनमूळ काढायचं. कुठलीही संख्या घ्या. तिच्या घनाच्या दुपटीत १ मिळवा, वर्गाच्या तिपटीने भागा. उत्तर पुन्हा त्याच सूत्रात घाला. बहुपदीला बहुपदीने भागलं, म्हणजे हे झालं परिमेय फल. संमिश्र संख्यांत मात्र १ला तीन घनमुळं असतात. मग कुठून निघालं की कुठल्या मुळाशी पोचतो? १८७९ साली आर्थर केली यांनी हाच प्रश्न वर्गमुळासाठी सोडवला आणि घनमुळापुढे हात टेकले. कारण इथे दोन मुळांच्या हद्दीवर पाय ठेवावा, तर तिसऱ्याची हद्दही तिथेच हजर! १९१८च्या आसपास फ्रान्समध्ये फातू आणि ज्युलिया या गणितज्ञांनी सूत्र पुन्हा पुन्हा लावण्याच्या या विषयाचा पाया घातला. पुढची साठेक वर्षं एका वाक्यात उरकतो : तिकडे फारसं कुणी फिरकलं नाही.

मग आमचं, ऐंशीचं दशक उजाडलं. गणितज्ञ श्रीखंडे सरांनी १९६३पासून उभा केलेला मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग कालिन्यात, घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. मी मात्र लोकलला लोंबकळत दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात जायचो. तिथे आलफोर्सचं संमिश्र विश्लेषणाचं पुस्तक निम्म्याहून अधिक घोकून घेतलं जाई. कालिन्यातल्या मित्राने एकदा एका शोधनिबंधाची झेरॉक्स आणली : डेनिस सलिव्हन, १९८५. एकच परिमेय फल पुन्हा पुन्हा लावत गेलं, तर प्रतलावरचा एखादा शांत प्रदेश कायम नव्या जागी भटकत राहील का? फातूपासून लटकलेला प्रश्न. सलिव्हनचं उत्तर : नाही, कधीतरी तो ठरलेल्या फेऱ्यात येतोच. झेरॉक्स घेऊन मी आमच्या सरांकडे धावलो. त्यांनी ती उघडलीही नाही. "परीक्षेला येत नाही."

सलिव्हनने वापरलेलं हत्यार आलफोर्स आणि बेर्स यांनी घडवलेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे ज्यांचं पुस्तक आम्ही घोकत होतो, त्यांचंच! मार्कांपुरतं वाचलं आणि जिवंत गणिताच्या उंबऱ्यावरून परत फिरलो. सरांवरचा राग अजून गेलेला नाही, स्वतःवरचाही नाही.

संगणकाने काढलेली या विषयाची रंगीत चित्रं पुढे कॅलेंडरांवर झळकली. प्रमेयाची चौकशी तेव्हाही कुणी केली नाही. आता भाच्याच्या मोबाइलवर तसं चित्र क्षणात उमटतं आणि क्षणात वर सरकतं. सलिव्हनना २०२२ साली आबेल पारितोषिक मिळालं, तेव्हा घरात सांगायला गेलो. उत्तर आलं, "उपयोग काय पण?"

उपयोग आहे. एकाच प्रतलातल्या दोन ताऱ्यांचं गुरुत्व भिंगासारखं वागलं, तर मागच्या ताऱ्याच्या जास्तीत जास्त किती प्रतिमा दिसतील? पाच. दोनाहून जास्त, 'न' तारे असतील तर पाच न वजा पाच. खाविन्सन आणि नॉयमन यांनी २००६ साली परिमेय फलांवरूनच ही मर्यादा सिद्ध केली. पण कौतुक वाटायला आधी तारे लागावेत, हे मला पटत नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर मी शून्यापासून सुरुवात केली होती. शून्याने भागाकार, कॅल्क्युलेटरने 'एरर' दाखवली आणि मी शहाण्या विद्यार्थ्यासारखी फुली मारली. परिमेय फलांच्या जगात अनंत हाही एक बिंदूच. शून्यावरून एका पावलात तिथे पोचता येतं.

फुली खोडली. वही पिशवीत टाकली.