मालाचा भाव कोणाच्या हातात? एका मनगटी पट्ट्याचा धडा

घोडबंदर रस्त्यालगत आमच्या चेणे गावात सकाळी फिरायला येणारी मंडळी पुष्कळ. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मनगटावर हल्ली घड्याळासारखा रबरी पट्टा दिसतो. तो पावले मोजतो, झोप मोजतो, हृदयाचे ठोके सांगतो. आम्ही पडलो कापडाचे व्यापारी. पट्टा पाहिला की पहिला प्रश्न मनात येतो, यात नफा कोणाला आणि तो कसा? चौकशी केली तेव्हा मुंबईच्या एका उद्योजकाची हकीकत समजली. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या ती उपयोगाची आहे.

या गृहस्थांचे नाव विशाल गोंडल. 1999 च्या सुमारास त्यांनी इंडियागेम्स नावाची कंपनी काढली. संगणकावरचे आणि पुढे मोबाईलवरचे खेळ बनवणे हा तिचा धंदा. 2007 मध्ये यूटीव्हीने तिच्यात मोठा हिस्सा घेतला आणि पुढे ती डिस्नेकडे गेली. हातात आलेला पैसा घेऊन गोंडल स्वस्थ बसले नाहीत. 2014 मध्ये त्यांनी गोकी ही तंदुरुस्तीची कंपनी सुरू केली. उद्योगपती रतन टाटा यांनीही पुढे तिच्यात पैसा गुंतवला.

या धंद्याची खुबी नीट समजून घ्यावी. पट्टा हा नुसता मापाचा काटा. त्यातले आकडे फोनमधून कंपनीने नेमलेल्या प्रशिक्षकाकडे जातात. आज चालणे कमी का झाले, रात्री जेवण उशिरा का झाले, हे तो प्रशिक्षक विचारतो आणि सल्ला देतो. गिऱ्हाईक पैसे मोजते ते या सल्ल्याचे, ठरावीक मुदतीसाठी. मुदत संपली आणि समाधान झाले असेल तर पुन्हा पैसे भरते. म्हणजे विक्री एकदाच होत नाही, खाते चालू राहते.

हे शहाणपणाचे ठरले. 2015 मध्ये शाओमी या चिनी कंपनीने अवघ्या 999 रुपयांत असाच पट्टा भारतात आणला. नुसता पट्टा विकणाऱ्याला या भावापुढे उभे राहणे कठीण होते. विचारपूस करणारा माणूस मात्र त्या 999 रुपयांत मिळत नव्हता.

तरीही भावाचा फटका गोकीला चुकला नाही. मे 2019 मध्ये कंपनी मुंबईच्या न्यायालयात गेली. ठरल्यापेक्षा फार कमी भावाने, सुमारे 70 टक्के सूट देऊन आपला माल फ्लिपकार्टवर विकला जातो, अशी तिची तक्रार होती. सूट किती द्यायची हे विक्रेते ठरवतात, असे फ्लिपकार्टचे म्हणणे होते. न्यायालयाने ती विक्री तात्पुरती थांबवली आणि पुढच्याच महिन्यात दोन्ही पक्षांत समझोता झाला. त्याच वर्षी 1 फेब्रुवारीपासून सरकारचा एक नियमही लागू झाला होता. परदेशी भांडवल असलेल्या ऑनलाइन बाजारांनी मालाच्या भावावर आडून किंवा उघड प्रभाव टाकू नये, असे त्यात म्हटले आहे.

मोठ्या कंपनीला वकील परवडतो. आपले काय? काही वर्षांपूर्वी आम्ही भिवंडीहून आणलेल्या चादरी एका ऑनलाइन विक्रेत्याला दिल्या. एके दिवशी आमचे जुने गिऱ्हाईक मोबाईल घेऊन दुकानात आले. आमचीच चादर, आमच्या खरेदीपेक्षाही कमी भावात! "शेठ, इतकी वर्षे तुम्ही आमच्याकडून जास्त घेत होतात का?" असे त्यांनी विचारले. आम्ही मान खाली घातली. माल देताना भावाबद्दल एक ओळही आम्ही लिहून घेतली नव्हती. पैशाचे नुकसान भरून निघाले, पण त्या गिऱ्हाइकाचा भरोसा परत मिळवायला दोन ईद गेल्या.

तेव्हा आमच्या बांधवांना सांगणे एवढेच. ऑनलाइन माल द्यायचा असेल तर अवश्य द्या, पण आधी करार वकिलाला दाखवा. भाव, सूट, परत आलेला माल आणि उरलेला साठा यांचे काय होणार, हे कागदावर आणा. दुकानातला आणि ऑनलाइनचा माल शक्य तर वेगळा ठेवा. दुसरे, मालाबरोबर आपला हुन्नरही विका. शिंप्याने माप जपून ठेवावे, जरीवाल्याने दुरुस्तीची हमी द्यावी, कापडवाल्याने लग्नसराईआधी जुन्या गिऱ्हाइकाला आपणहून फोन करावा. चादर कोणीही स्वस्तात विकू शकतो. गिऱ्हाइकाच्या घरात मुलीचे लग्न कधी आहे, हे मात्र आपल्याच वहीत लिहिलेले असते.