एक ग्राहक, एकच पत्र

एक्सेलच्या यादीत एका ग्राहकाची ५ थकीत बिले ५ ओळींत असतात. वर्डचे मेल मर्ज प्रत्येक ओळ स्वतंत्र नोंद मानते. म्हणून त्याच्या नावाने ५ पत्रे निघतात.

यावरचा तोडगा आपल्या जुन्या हिशेबवह्यांत आहे. किर्दीत नोंदी तारखेप्रमाणे, खतावणीत खात्याप्रमाणे. मेल मर्जला किर्द नको, खतावणी द्या.

एक्सेल २०२१ मध्ये ‘युनिक’ हे सूत्र प्रत्येक ग्राहक क्रमांक एकदाच काढते, ‘फिल्टर’ त्याची बिले निवडते, ‘टेक्स्टजॉइन’ ती एकाच चौकटीत जोडते आणि ‘समइफ’ बेरीज करते. हा नवा तक्ता वर्डला जोडा. गट मात्र क्रमांकावरूनच करा. एकाच नावाचे दोघे असू शकतात आणि एकाची थकबाकी दुसऱ्याच्या दारात जाणे बरे नव्हे.