सिम्युलेटरसाठी छोटा विमानतळ : लुक्लाच्या चढाचे गणित

फ्लाइट सिम्युलेटर संगणकावर बसवला की त्यासोबत जगाचा ढोबळ भूभाग मिळतो. मोठे विमानतळ त्यात बरे दिसतात, पण छोट्या धावपट्ट्या अनेकदा चुकीच्या असतात. अशा जागेसाठी वेगळे तयार करून जोडलेले भूदृश्य म्हणजे ‘ॲड-ऑन सीनरी’. हा प्रकल्प दिला की बहुतेक विद्यार्थी आधी इमारती रंगवायला घेतात. खरे काम मात्र जमिनीच्या मोजणीचे आहे. ते नेपाळमधील लुक्लाच्या उदाहरणाने समजून घेऊ.

जागेची ओळख

एव्हरेस्टच्या वाटेवरची ही धावपट्टी १९६४ साली एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने झाली. उंची सुमारे २,८४५ मीटर, लांबी ५२७ मीटर आणि चढ सुमारे ११.७ टक्के. खालच्या टोकाला दरी, वरच्या टोकाला डोंगर. म्हणून विमाने चढाच्या दिशेने उतरतात आणि उताराच्या दिशेने उड्डाण करतात.

दोन टोकांच्या उंचीतला फरक काढा : ५२७ × ०.११७ = सुमारे ६२ मीटर.

चूक कुठे होते?

भूभागाची उंची बहुधा उपग्रह किंवा अवकाशयानाच्या मोजणीतून घेतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून झालेली शटल रडार मोहीम हा त्याचा प्रसिद्ध स्रोत. तिच्या ९० मीटरच्या जाळीत या धावपट्टीच्या लांबीवर जेमतेम सहा-सात बिंदू येतात. शिवाय उंच डोंगरांच्या आड रडार पोहोचत नाही, तिथे माहितीत रिकाम्या जागा राहतात.

दुसरी अडचण फाइलच्या रचनेत आहे. एक्स-प्लेनच्या विमानतळ-फाइलमध्ये धावपट्टीची रुंदी आणि दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश असतात, पण टोकांची उंची नसते. संपूर्ण विमानतळाला एकच उंची दिलेली असते. त्या उंचीवर जमीन सपाट केली तर काय होईल? मधली उंची धरली, तर खालचे टोक ३१ मीटर हवेत उचलले जाते आणि वरचे टोक ३१ मीटर डोंगरात खणले जाते.

याने काय बिघडते?

पहिले, गतीचे गणित. चढावर गुरुत्वाकर्षणामुळे मिळणारे मंदन सुमारे १.१४ मी/से². विमान ३० मी/से वेगाने टेकले असे समजा. ब्रेक आणि घर्षण सोडून दिले तरी ३०² ÷ (२ × १.१४) = सुमारे ३९५ मीटरमध्ये ते थांबेल. सपाट धावपट्टीवर ही मदत शून्य.

दुसरे, डोळ्यांची फसगत. चढाच्या धावपट्टीकडे येताना वैमानिकाला आपण फार उंचावर आहोत असा भास होतो आणि तो नकळत खाली येतो. लुक्लाला खाली येणे म्हणजे कड्याच्या दिशेने जाणे. सपाट सीनरीवर सराव करणाऱ्याला हा भास कधी होतच नाही. म्हणजे तो चुकीची सवय पक्की करत असतो.

कामाचा क्रम

१. दोन्ही टोकांचे स्थान आणि उंची विश्वसनीय नकाशांवरून पडताळा.
२. भूभागाची जाळी त्या जागी बारीक करून उंची दुरुस्त करा.
३. धावपट्टीने जमिनीचा चढउतार पाळावा, हा सिम्युलेटरमधील पर्याय निवडा.
४. त्यानंतर ब्लेंडरमध्ये इमारती, भिंती, कुंपण तयार करा.
५. विमान दोन्ही टोकांवर उभे करून दिसणारी उंची वाचा. फरक ६२ मीटरच्या जवळ आला तरच पुढे जा.

स्वाध्याय : तुमच्या परिसरातील एखादी छोटी धावपट्टी निवडा. तिच्या दोन टोकांच्या उंचीवरून चढ काढा आणि ९० मीटरच्या जाळीत तिच्या लांबीवर किती बिंदू येतात ते मोजा. इमारतीचा रंग चुकला तर नंतर बदलता येतो. जमीन चुकली, तर तिच्यावर उभे केलेले सगळेच चुकते.