भंगाराच्या भावातील रायफल

जबलपूर म्हटले की नर्मदा आणि भेडाघाटचे संगमरवरी कडे डोळ्यांसमोर येतात. मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. 1817 पर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. इंग्रजांनी ते घेतले, छावणी वसवली आणि 1904 मध्ये तेथे गन कॅरेज फॅक्टरी उभारली. पुढे खमरियाचा दारूगोळा कारखाना आला, केंद्रीय आयुध भांडार आले. सैन्याची शस्त्रे जेथे सांभाळली जातात, तेथेच ती निकामीही ठरवली जातात. निकामी ठरल्यानंतर त्या शस्त्राचे काय होते, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

या विभागातील एका जिल्ह्यात असताना मी एका मालखान्याची तपासणी केली होती. नोंदवहीत लिहिले होते : ‘जुनी बंदूक, एक नग.’ ना क्रमांक, ना बनावट, ना वर्ष. भिंतीला टेकवलेली ती बंदूक मी उजेडात आणवली. लाकडी दस्त्याच्या मानेवरील लोखंडी पट्टीवर राजमुकुट होता, त्याखाली जी. आर. आय. ही बादशहा पाचव्या जॉर्जची अक्षरे, मग ‘इशापूर’, वर्ष आणि नमुना कोरलेला होता. ती पॉइंट थ्री-नॉट-थ्री ली-एन्फिल्ड होती. पहिल्या महायुद्धात भारतीय शिपायांनी जी खांद्यावर वाहिली, त्याच घराण्यातली. नोंदवहीच्या दृष्टीने मात्र ती केवळ एक नग होती.

अशा रायफलीची ओळख पटवणे अवघड नाही, पण घाईने होत नाही. 1960 च्या दशकात इशापूरने 7.62 मिमी काडतुसाची 2ए ही रायफल बनवली. ती वरवर थ्री-नॉट-थ्रीसारखीच दिसते. फरक चौकोनी मॅगझिनवरून कळतो. पोलिसांसाठी काही जुन्या रायफलींचे रूपांतर एकावेळी एकच गोळी झाडणाऱ्या, गुळगुळीत नळीच्या पॉइंट 410 मस्केटमध्ये केले गेले. ‘डी. पी.’ हा शिक्का असेल तर ती केवळ कवायतीसाठी. म्हणून शिक्के वाचावेत, नळीत पीळदार खाचा आहेत का ते पाहावे आणि खटका, नळी व चौकट यांवरील क्रमांक एकमेकांशी जुळवावेत. अर्थात हे काम जाणत्या शस्त्रकारीगराचेच. त्याने शस्त्र रिकामे असल्याची खात्री केल्याशिवाय कोणी हात लावू नये.

मग किंमत किती? अमेरिकेत इशापूरच्या जुन्या रायफली हौशी संग्राहक विकत घेतात. तेथे जुळणारे क्रमांक, मूळ लाकूड आणि नळीची स्थिती यांवर भाव ठरतो. आपल्याकडे लष्करी काडतूस चालवणाऱ्या थ्री-नॉट-थ्री आणि 7.62 रायफली प्रतिबंधित गटात मोडतात. सामान्य नागरिकाला त्यांची खरेदी-विक्री करता येत नाही. हे निर्बंध योग्यच आहेत. पण उघडा बाजार नसला की सरकारी दप्तरात एकच मोजमाप उरते : लोखंडाचे वजन.

या मोजमापाचा धोका 2018 मध्ये दिसला. त्या वर्षी बिहारमधील मुंगेर येथे एके-47 रायफली सापडू लागल्या. एका गावातील विहिरीतूनच बारा निघाल्या. तपासाचा धागा जबलपूरच्या भांडारापर्यंत पोहोचला. निर्लेखित शस्त्रांचे सुटे भाग बाहेर काढून एका निवृत्त शस्त्रकारीगराने पुन्हा रायफली जुळवल्या, असा आरोप ठेवला गेला आणि तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. धोरणाचा धडा मात्र त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. दप्तराने ज्याला भंगार म्हटले, त्याची काळ्या बाजारात लाखांत किंमत होते. ही तफावत जेवढी मोठी, तेवढा चोरीचा मोह मोठा.

उत्तर प्रदेश पोलिसांनी 26 जानेवारी 2020 रोजी थ्री-नॉट-थ्रीला निरोप दिला. इतर राज्यांच्या शस्त्रागारांतूनही ती जातच आहे. अशा वेळी दोन गोष्टी व्हाव्यात. प्रत्येक निर्लेखित शस्त्राचा, शक्य तेथे त्याच्या मुख्य भागांचाही, क्रमांक नोंदवावा आणि तो भाग वितळल्याचा दाखला त्याच क्रमांकासमोर जोडावा. दुसरे म्हणजे, भट्टीत जाण्यापूर्वी जाणत्या माणसाने शिक्के वाचून दुर्मीळ नमुने कायमचे निकामी करून संग्रहालयाकडे सोपवावेत. शंभर वर्षे ओलांडलेली वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते, याचे भान भट्टीच्या दारात कोणाला तरी असायला हवे.

ही दोन कामे वेगळी वाटतात, पण त्यांची सुरुवात एकच आहे. चोर रोखणाऱ्याला आणि इतिहास राखणाऱ्याला आधी तोच क्रमांक वाचावा लागतो. मी त्या मालखान्यातील नोंद त्याच दिवशी दुरुस्त करवून घेतली. एका ओळीच्या चार ओळी झाल्या, एवढेच. परंतु त्यानंतर ती रायफल हरवली असती, तर निदान काय हरवले हे सांगता आले असते.